पल्याडच्या शाळेचा साकव

मी साकव. रोमानियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात आमचं गाव आहे. गावाच्या मधून नदी जाते आणि त्या नदीवर मी टांगलेला आहे. दोन पोलादी दोर, त्यांवर देवदाराच्या फळ्या, दोन्ही बाजूंना धरायला तार. एवढाच माझा देह. कुणाचा पाय पडला की कुरकुरतो, वारा आला की गुणगुणतो. लोक म्हणतात, म्हातारा झाला साकव. झालोच आहे. म्हणून तर बोलावंसं वाटतंय.

शाळा पल्याड आहे, चर्चच्या शेजारी. घरं बहुतेक अल्याड. गाडीरस्ताही अल्याडच. मोटारींचा पूल आहे म्हणतात, पण तो खाली फार लांब, दुसऱ्या गावाजवळ. तेव्हा इकडच्या पोराला अक्षरं शिकायची तर माझ्या अंगावरून जावंच लागतं. मी स्वतः एक अक्षर शिकलो नाही. पण पाठ झालेल्या कविता विचारा. जाता-येता मुलं म्हणत असतात, त्या सगळ्या माझ्या फळ्यांत मुरल्यात.

मला बांधलं तेव्हा तोआदेर नावाचा एक तरणाबांड लाकूडतोड्या पुढे होता. माझे दोर त्यानंच डोंगरावरच्या वखारीतून आणले. तिथे त्या दोरांवरून ओंडके खाली उतरवत. ओंडके वाहून दमलेल्या दोरांना मुलांचं ओझं ते काय, असं तो म्हणाला आणि पहिल्यांदा तोच चालून गेला, हातात टोपी घेऊन. पुढे त्याचं लग्न झालं, वरात माझ्यावरूनच गेली. त्याची धाकटी मुलगी लेनुत्सा माझ्यावरूनच शाळेला गेली. बायको वारली तेव्हा तिला चर्चकडे नेलं, तेही माझ्यावरूनच. चार खांदेकरी एका वेळी मावत नव्हते. मी अरुंद आहे. दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. एकापाठी एक जावं लागतं.

आता रोजची सकाळ सांगतो. ती मला सगळ्यात आवडते.

आधी येते मारिउका. चौथीतली, केस घट्ट वेणीत बांधलेले, दप्तर नीट पाठीला. ती माझ्या मध्यावर थांबते आणि पहाटे आईनं दिलेला, मनुकांसारख्या काळ्या प्लमचा मुरंबा लावलेला पाव खाते. मग लहानगी येतात, शेंबूड ओढत, काल कुणी कुणाला ढकललं ते सांगत. शेवटी धावत येतो गावरिल. तोही चौथीतलाच, पण त्याच्या बुटांच्या नाड्या मी अजून बांधलेल्या पाहिल्या नाहीत.

"मारिउका, गणितं दाखव ना."

"काल काय करत होतास?"

"गाय व्यायली आमची."

"गेल्या आठवड्यात पण तीच व्यायली होती!"

"जुळं होतं. दुसरं आत्ता आलं."

मारिउका हसते आणि वही देते. गावरिल ती माझ्या खांबाला टेकवून भराभर उतरवून घेतो. मग पल्याड घंटा वाजते आणि मी एवढा हलतो, एवढा हलतो, की खालची बदकं पण सरकतात.

पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी मुलं एकाच खोलीत बसतात. विओरिका बाई एकट्याच सगळ्यांना शिकवतात. मोठ्या सुट्टीत रबराच्या दोरीवरच्या उड्या आणि चेंडू. चेंडू नदीत पडला की सगळी शाळा माझ्यावर गोळा होते. दुपारी मुलं परत निघतात, तेव्हा तोंडावरूनच कळतं कुणाला काय मिळालं. अल्याडच्या काठावर आज्या उभ्या असतात. भूक लागली का, हे त्या नंतर विचारतात. आधी विचारतात, "आज काय शेरा मिळाला?" पोरगं ओरडतं, "फार छान!" नाहीतर पुटपुटतं, "बरं." तेच बाईंचे शेरे. मग घर, सूप, गृहपाठ, आणि गाईला चारा.

आमच्याकडे लहानांनी मोठ्यांना रस्त्यात "हाताचा मुका" म्हणायची रीत आहे. खरोखर मुका कुणी घेत नाही, म्हणायचं नुसतं. पण म्हटलं नाही तर घरापर्यंत तक्रार जाते. इलिंका गावात आली तेव्हा तिच्याबद्दल हीच तक्रार होती.

इलिंका म्हणजे लेनुत्साची मुलगी, तोआदेरची नात. लेनुत्सा इटलीत एका म्हातारीची सेवा करते. आधी पोर तिच्याजवळच होती, पण मग त्या घरात पोरीला जागा राहिली नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ती एका मोठ्या पिशवीसकट आजोबाकडे आली.

सप्टेंबरात शाळा उघडते तो दिवस माझ्या वर्षातला सगळ्यात रंगीत. प्रत्येकाच्या हातात बाईंसाठी अंगणातली फुलं. फुलंच चालत येताहेत असं वाटतं, पाय तेवढे खाली दिसतात. इलिंकाच्या हातात लाल डेलिया होते. पांढरा सदरा, कडक इस्त्री. तिनं माझ्या पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि खाली बघितलं.

माझ्या फळ्यांत बोटभर फटी आहेत. पाऊस, बर्फ साचू नये म्हणून त्या लागतात. पण फटीतून पाणी दिसतं. पाणी पळत असतं, आणि बघणाऱ्याला वाटतं आपणच पळतोय. पोर मटकन खाली बसली. फुलं हातातून निसटली आणि नदीत गेली.

"बघा, बाईंच्या आधी माशांना फुलं!" गावरिल ओरडला. सगळे हसले.

मारिउका हसली नाही. तिनं आपल्या गुच्छाचा अर्धा भाग तोडून इलिंकाच्या हातात कोंबला. "घे. उठ. रडू नकोस, सदरा चुरगळेल."

पण ती उठेना. हात धरून चालवावं तर मी अरुंद. शेवटी तोआदेर खाली वाकला. "ये गं बाळा, पाठीवर ये." ती त्याच्या मानेत तोंड खुपसून, डोळे मिटून, अशी शाळेत गेली.

पहिल्या दिवशी गेली तशीच दुसऱ्या दिवशी. आणि तशीच पुढे रोज. पानं गळली, बर्फ पडलं. सकाळी तोआदेर आधी माझ्यावरचं बर्फ लोटायचा, राख टाकायचा, मग घरी जाऊन नातीला घेऊन यायचा. गावरिल तिला 'पोतं' म्हणायचा. "आलं का पोतं? आजोबा, दळायला नेताय की दळून आणताय?"

"तुझ्या डोक्यात भरायला नेतोय, रिकामं आहे ना," तोआदेर म्हणायचा. पण त्याला धाप लागलेली असायची.

मला माणसं पावलांवरून कळतात. पूर्वी तोआदेरची दोन्ही पावलं सारखी पडायची. त्या हिवाळ्यात एक पाऊल पडायचं आणि दुसरं ओढलं जायचं. मधे तो तार धरून थांबायचा. नातीला वाटायचं, आजोबा नदी बघतायत. मला ठाऊक होतं, गुडघा गेलाय.

आमच्या दरीत फोन लागतो तो फक्त माझ्या मध्यावर. म्हणून गावातली निम्मी बोलणी माझ्यावर उभी राहून होतात. तोआदेरला कमी ऐकू येतं, तो फोनचा आवाज मोठा करतो. एका दुपारी नातीला घेऊन परत येताना फोन वाजला.

"हां लेनुत्सा! पोरगी कुठे असणार, पाठीवर आहे!"

"बाबा, गुडघा कसाय?"

"गुडघा गुडघ्याच्या जागी आहे."

"मारिउकाच्या आईनं सांगितलं मला सगळं. बाबा, तुमच्यानं होत नाही हे. ईस्टरला येते मी. इलिंकाला शहरात ताईकडे ठेवू. तिच्या इमारतीच्या खालीच शाळा आहे. पूल नाही, काही नाही."

पाठीवरून, कोटाच्या कॉलरीतून आवाज आला, "मी नाही जाणार. परत नवीन घर नको मला."

"मग बाळा, चालायला शिकावं लागेल," म्हातारा म्हणाला. रागानं नव्हे. स्वतःचं वय सांगावं तसं, सरळ म्हणाला.

त्या दिवसापासून इलिंका दुपारी माझ्या अल्याडच्या टोकाशी यायची. एक पाय फळीवर ठेवायची. तारेला घट्ट धरायची. कधी दोन फळ्या, कधी चार. मग खाली नजर जायची आणि धावत मागे. मी जमेल तेवढा स्थिर राहायचो. पण मी टांगलेला आहे, मला हलल्याशिवाय राहता येत नाही. एक चिमणी बसली तरी हलतो. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, आपण दगडाचे असतो तर बरं झालं असतं.

एकदा तिनं आजोबाला विचारलं, "हा किती म्हातारा आहे?"

"तुझ्या आईहून थोरला."

"मग याला पण हाताचा मुका म्हणायचं?"

"याला हात कुठेत? पण म्हण. मान दिलेला सगळ्यांना आवडतो."

तेव्हापासून पाय ठेवण्याआधी ती खाली वाकून मला हळूच म्हणायची, "हाताचा मुका, साकवआजोबा." मुलांनी ऐकलं. आधी खूप चिडवलं तिला. आणि मग, मुलांचं असतंच तसं, सगळीच म्हणायला लागली. गावरिल सुद्धा, पण तो टोपी काढून, मुद्दाम वाकून.

आता मॉनिटरचं सांगतो. आमच्या शाळेत दर आठवड्याला एक मूल मॉनिटर असतं. दंडाला लाल पट्टी. त्यानं सगळ्यांच्या आधी यायचं, फळा पुसायचा, शेगडीत काटक्या ठेवायच्या, घंटा वाजवायची. आणि पाव आणायचे. सरकारी दूध आणि पाव घेऊन गाडी येते, पण ती माझ्यावरून जाऊ शकत नाही. चालक अल्याडच्या टोकाशी पेट्या उतरवतो आणि पुढच्या गावाला जातो. दुधाची पेटी जड, ती मोठी मुलं नंतर नेतात. पावांची पेटी मॉनिटर नेतो. त्या आठवड्याची सगळी वाट बघतात. वाढदिवसापेक्षा जास्त.

पहिलीच्या मुलांची पाळी बर्फ वितळायला लागल्यावर येते. इलिंकाची आली.

बाई तिला पल्याड कुंपणाशी समजावत होत्या, तेव्हा ती आजोबाच्या पाठीवरून नुकतीच उतरली होती. "इलिंका, तुझा आठवडा आपण पुढच्या वर्षी घेऊ. काही बिघडत नाही."

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन, बाई."

गावरिल मागून म्हणाला, "पोत्यातून आलेला मॉनिटर कुणी बघितलाय का?"

इलिंकानं लाल पट्टी बाईंच्या हातातून घेतली आणि खिशात घातली.

सोमवारी सकाळी धुकं होतं. खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी, मातकट, भरलेलं, मोठ्यानं बोलत होतं. इलिंका आली. मागून तोआदेर आला, काठी टेकत. सूज उतरावी म्हणून गुडघ्याला कोबीची पानं बांधलेली, वर फडकं. तो वाकूच शकत नव्हता. पाठीवर कुणाला घेण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी आली. चालकानं पेट्या उतरवल्या. "आज मॉनिटर कोण?"

"मी."

"तू? अगं, पेटी तुझ्यापेक्षा मोठी आहे!"

"पाव हलके असतात," इलिंका म्हणाली.

गाडी गेली. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. आदल्या संध्याकाळी त्यानं लेनुत्साला फोन करून सांगितलं होतं, "ये बाई. घेऊन जा." ते मी ऐकलं होतं. पोरीनं ऐकलं नव्हतं.

तिनं पेटी उचलली. पुठ्ठ्याची मोठी पेटी, अजून कोमट. दोन्ही हातांनी छातीशी धरली, हनुवटी वर टेकवली. तारेला धरायला हात उरला नाही. मी मनात म्हटलं, आता ही पेटी ठेवणार आणि मागे जाणार.

"हाताचा मुका, साकवआजोबा."

आणि पाय पडला. मग दुसरा. मग तिसरा.

माझ्याही आधी ते तिला कळलं असावं. पेटीमुळे तिला खालचं काही दिसत नव्हतं. फटी नाहीत, पाणी नाही, स्वतःचे पाय सुद्धा नाहीत. दिसत होते फक्त पाव, आणि त्यांच्या पलीकडे शाळेचं धुराडं. ती बुटाच्या टोकानं फळी चाचपायची, सापडली की पाऊल टाकायची. मध्यावर वारा आला. मी हललो. ती थांबली. पेटीवर गाल टेकवून उभी राहिली. पावांचा वास घेत होती बहुतेक.

मागून म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "मी इथेच आहे गं."

"बोलू नका ना आजोबा! पाव पडतील!"

म्हाताऱ्यानं तोंडावर हात ठेवला. पोर पुढे निघाली. माझी शेवटची फळी जरा सैल आहे, तिथे सगळेच अडखळतात. ती अडखळली नाही, उडी मारून मातीवर गेली.

मग तिनं एक चूक केली. फळा पुसायचा, काटक्या रचायच्या, सगळं विसरून ती सरळ घंटेकडे धावली आणि दोरी ओढली. अजून कुणी उठून आवरलंही नव्हतं. घंटा वाजते म्हणजे उशीर झाला! अल्याडच्या घरांत नुसती पळापळ. कुणी एकाच बुटात, कुणी तोंडात पाव धरून, कुणाचा सदरा उलटा. सगळी मुलं माझ्यावरून धडाधड पळत सुटली. बाई सुद्धा केस न विंचरता शाळेशेजारच्या त्यांच्या घरातून बाहेर आल्या.

गावरिल धापा टाकत पल्याड पोचला. "कोण... कुणी वाजवली? अजून तर कोंबडा पण आरवतोय!"

इलिंका घंटेखाली उभी होती, दंडाला लाल पट्टी. "मी."

"तू कशी आलीस?"

"चालत."

गावरिलनं मागे अल्याड बघितलं. तोआदेर तिकडेच उभा होता, एकटा, रिकाम्या पाठीनं. मग तो म्हणाला, "मग पाव वाट आता. धावून भूक लागलीय."

दुपारी परत येताना तिनं रिकामी पेटी छातीशी धरली. दुसऱ्या दिवशीही. मुलं हसली नाहीत, कुणीतरी तिच्यासाठी पेटी जपूनच ठेवायचं. आठवडा संपला, मॉनिटर बदलला, पेटी दुसऱ्याकडे गेली. मग तिनं दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरलं. मग कधीतरी ते एका खांद्यावर गेलं. आणि एका दुपारी ती मारिउकाशी भांडत, मागे तोंड करून, उलटी चालत माझ्यावरून आली. कशावरून भांडत होत्या ते विसरलो. पण त्या दिवशी मी खूप कुरकुरलो, आनंदानं.

ईस्टर आला. लाल अंडी, गोड पाव, चर्चमध्ये मेणबत्त्या. लेनुत्सा आली, मोठी बॅग घेऊन, अर्धी रिकामी. पोरीचे कपडे भरायला आणली होती. तोआदेरनं तिला फोनवर सांगितलं होतं, पोर चालायला लागली म्हणून. तिला ते खरं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याला नातीला सोडवत नाही म्हणून बोलतोय, असं वाटलं असावं.

सुट्टी संपायच्या आधी लेनुत्सा माझ्याजवळ आली. सोबत इलिंका. बॅग घरात भरून तयार होती. जायच्या आधी शाळा बघावी, एवढ्यासाठीच आली होती.

"थांब, मी तुला उचलते," लेनुत्सा म्हणाली.

"कशाला?" इलिंकानं विचारलं आणि निघाली. मध्यावर गेली, तारेवर पोटानं ओणवी झाली, नदीत बघितलं. "आई, इकडे ये. मासे दिसतात."

लेनुत्सा तिथेच उभी. मग ती मागून चालत आली. माझ्यावरून शाळेला गेलेली पोर होती ती, पण इतक्या वर्षांनी तार घट्ट धरून आली. दोघी मध्यावर उभ्या राहिल्या.

"शहरात मावशीकडे छान खोली आहे. लिफ्ट आहे," लेनुत्सा म्हणाली. आपलं बोलणं तिचं तिलाच पटत नव्हतं.

"परवा शाळा आहे, आई," इलिंका म्हणाली. "बाईंनी कविता दिलीय. माझी अजून शेवटची ओळ राहिलीय. आणि मारिउकाची मॉनिटरची पाळी आहे, तिनं सांगितलंय, दुधाची पेटी आम्ही दोघींनी धरायची."

लेनुत्सानं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हण बघू कविता."

इलिंकानं म्हटली. शेवटच्या ओळीशी अडली. लेनुत्सानं ती सांगितली. तिलाही ती याच शाळेत शिकवली होती.

लेनुत्सा परत गेली तेव्हा बॅग अर्धी रिकामीच होती. दर संध्याकाळी ती फोन करते, आणि आता मध्यावर एकटी इलिंका येते. तोआदेर काठावर बाकड्यावर बसतो, गुडघा उन्हात ठेवून. त्याला मधलं बोलणं ऐकू येत नाही. तो ऐकायचा प्रयत्नही करत नाही.

माझ्या दोन फळ्या बदलायच्या आहेत. सैल फळी पण आहे. गावातली माणसं येतील, बदलतील. नाहीतर सिमेंटचा पूल होईल. तो हलणार नाही, त्याला फटी नसतील. होऊ दे. मला वाईट वाटणार नाही. एकच मागणं आहे. मोठ्या माणसांनो, पूल लाकडाचा असो की सिमेंटचा, एखादं पोर त्याच्या टोकाशी घाबरून उभं राहिलं तर घाई करू नका. ओढू नका. हातात काहीतरी काम द्या आणि जवळ उभे राहा.

बस, एवढंच. धुकं उतरतंय. अल्याडच्या घरांची दारं उघडताहेत, आणि कुणाच्या तरी बुटांची नाडी मातीवर आपटत येतेय. जा पोरांनो, जा. उशीर होईल.